इंदुमतीबाईंचे अकरा डबे

बायको गेल्यावर चौथ्या महिन्यात मधुकररावांच्या लक्षात आले की, आठवण म्हणून हाताशी ठेवावे असे घरात काही उरलेच नाही. साड्या मुलगी सोनाली घेऊन गेली होती. दागिन्यांची इंदुमतीबाईंना हौस नव्हती. हौस होती ती शेजारी मेतकूट, शेंगाचटणी पाठवायची. त्यापायी तळाला त्यांचे नाव कोरलेले अकरा स्टीलचे डबे केशवापुरात पसरले होते. डबा रिकामा परत करायचा नाही, आणि भरायला सवड कुणाला नाही.

"सगळे आणून फळीवर मांडतो," ते माहेरी आलेल्या सोनालीला म्हणाले. "समोर दिसले की बरं वाटेल."

कोर्टात तीस वर्षे बेलीफ म्हणून जप्त्या केलेला माणूस. रविवारी पिशवी घेऊन निघाला.

पहिलेच घर दीपश्रीचे. "इरली बिडरी अण्णा, राहू द्या. अक्कांचं मेतकूट संपलं, डबा तरी असू दे."

"त्यावर नाव आमचं आहे."

"म्हणून तर देत नाही."

वादिराज मास्तरांनी डबा देवघरात ठेवून त्यात वाती भरल्या होत्या. देवापुढून वस्तू उचलण्याची सोय कायद्यात नव्हती. राधाबाईंनी दुप्पट मोठा, कोरा डबा पुढे केला आणि जुना पाठीमागे धरला. नेत्रा म्हणाली, "डबा ऑफिसात आहे, काका."

"आज रविवार आहे."

"तो तिथंच राहतो."

पाचव्या घरापासून मधुकरराव चहा घेऊ लागले. सातव्या घरी त्यांनी विचारले, "तुम्हीही देणार नाही ना?" दहाव्या घरी पिशवी घडी करून खिशात घातली.

अकराव्या घरच्या विमलाबाईंनी मात्र डबा लगेच हातात ठेवला. "घ्या हो, केव्हाचा द्यायचा होता."

मधुकररावांचा चेहरा पडला. "अहो, एवढी घाई काय? दहा घरांनी दिला नाही."

"असं?" विमलाबाईंनी डबा परत घेतला आणि उलटा करून नावावरून बोट फिरवले. "मग मी तरी का देऊ?"

"तेच म्हणतो मी."

घरी सोनालीने विचारले, "किती मिळाले, अप्पा?"

"एकही नाही," मधुकरराव खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. "अकराच्या अकरा घरांनी साफ नकार दिला. विमलाबाई जरा डळमळल्या होत्या, पण त्यांना मी सांभाळून घेतलं."