चार मिनिटे न दाबलेले बटण

मित्रांनो, मी एक जुना वायरलेस संच आहे. अमेरिकेत, कॅन्ससमधल्या एल्ब्रूक गावच्या वाचनालयात, काचेच्या पेटीत बसलो आहे. माझ्यापुढे पितळी पाटी आहे, 'याच संचाने गाव वाचवले.' ती वाचून टाळ्या वाजवू नका. पाटी खोटी आहे.

कारखान्यात मला सगळे मिळाले, फक्त स्वतःहून बोलणे मिळाले नाही. कुणी माझे बटण दाबले तरच आवाज पलीकडे जातो. ते बटण व्हर्ना टेस्कीच्या हाती आले. ती शाळेची बस चालवायची. आभाळ काळवंडले की मला पिकअपमध्ये घालून गावाबाहेरच्या टेकडीवर जायची आणि ढगातून टोर्नेडो, म्हणजे घरेदारे उडवणारी वावटळ, जमिनीवर उतरते का यावर नजर ठेवायची. वाटेत तिची जिवाभावाची मैत्रीण हुल्डा पेनर तिला कॉफीचा थर्मास द्यायची. या कामाला पगार नव्हता, पेट्रोलही पदरचे. व्हर्नाने खबर दिली की अग्निशमन केंद्रातला क्लिफर्ड रोथ भोंगा वाजवायचा आणि लोक तळघरात उतरायचे.

एका मे महिन्यात ढगाखाली सोंडेसारखे काही लोंबताना दिसले. व्हर्नाने लगेच बटण दाबले. नेमका त्याच वेळी शाळेचा पदवी समारंभ चालू होता. झगे घातलेली मुले, त्यांच्या आज्या, केक, सगळे तळघरात. अर्ध्या तासाने वर येऊन बघतात तर लख्ख ऊन! टोर्नेडो नव्हताच, ढगाची एक फाटकी चिंधी होती.

मग गावाने तिची पाठ सोडली नाही. ती कॅफेत शिरली की कुणीतरी टेबलाखाली जाऊन बसायचे.

"काय गं व्हर्ना, केक इथेच खाऊ की तळघरात नेऊ?"

"चिमणी उडाली बघ! क्लिफ, वाजव रे भोंगा!"

तीही हसायची. पिकअपमध्ये परत आल्यावर मात्र बराच वेळ गाडी सुरू करायची नाही. क्लिफर्डने तर चारचौघांत तिला बजावले, "हे बघ, यापुढे जमिनीला टेकलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला हाक मारायची नाही. लोक मला हसतात."

पुढच्या एप्रिलमध्ये एका दुपारी आसपासच्या गावांत एकामागून एक टोर्नेडो उतरू लागले. पाच वाजून दहा मिनिटांनी आमच्या समोरचा ढग गरगरू लागला. त्याच्याखाली पावसाचा दाट पडदा होता, मागची जमीन दिसेना. व्हर्नाचा अंगठा माझ्या बटणावर होता.

"टेकलाय का? दिसू दे की रे बाबा, टेकलाय का?" ती पुटपुटत होती.

दाब, व्हर्ना, दाब! मी आतल्या आत आक्रोश करत होतो. माझा काय उपयोग! पाच वाजून चौदा मिनिटांनी पडद्याआड विजेच्या तारा तुटून निळा उजेड झाला, तेव्हा तिने बटण दाबले.

"क्लिफ, भोंगा वाजव!"

"टेकलं का पण जमिनीला?"

"टेकलं. हुल्डाच्या घरावर."

भोंगा वाजला आणि पूर्वेकडचे लोक तळघरात पोचले. पश्चिमेकडची अकरा माणसे पोचली नाहीत. त्यांत हुल्डा होती.

दफन झाल्यावर व्हर्नाने पिकअप हुल्डाच्या अंगणात नेली. घराच्या नुसत्या पायऱ्या उरल्या होत्या. हातात घड्याळ धरून ती पायरीपासून अंगणातल्या तळघराच्या दारापर्यंत चालली. परत आली, पुन्हा चालली. तिसऱ्या खेपेनंतर गाडीत येऊन बसली.

"वीस सेकंद," ती म्हणाली. "तेही सावकाश चालून."

आता दर एप्रिलला इथे स्मृतिदिन होतो. म्हातारा क्लिफर्ड भाषणात म्हणतो, "आपल्या राखणदारांनी एक क्षणही वाया घालवला नाही." लोक डोळे पुसतात. टेबलाखाली बसणारेही पुसतात. त्या कॅफेची गोष्ट कुणी काढत नाही. मला या लोकांची चीड येते, मित्रांनो, आणि ती लपवायची मला गरज वाटत नाही.

तुमच्यासाठी कुणी आभाळाकडे बघत बसले असेल, तर त्याला चुकू द्या. दहा वेळा उगाच तळघरात उतरा, वर या आणि जेवायला बसा. पण त्याला हसू नका.

समारंभ संपून सगळे गेले की व्हर्ना माझ्याजवळ येते. पेटीला कुलूप नाही. ती झाकण उचलते आणि बटण दाबते, क्षणाचाही विचार न करता. माझी बॅटरी केव्हाच काढून टाकली आहे.