डाव्या स्प्रिंगमधलं रबर

चंद्रप्रकाश राणे साकीनाक्याच्या गॅरेजात शिरले तेव्हा पार वैतागलेले होते. बोरीवली-कांदिवलीतल्या तीन गॅरेजवाल्यांनी त्यांच्या सोळा वर्षांच्या गाडीचे शॉकअप बदलले, टायर बदलले, अलाइनमेंट केली आणि शेवटी हात वर केले. वेग साठच्या वर गेला की गाडीची मागची बाजू अजून डुलतच होती.

मुलगा नितेश तर तोंडावर म्हणाला होता, "बाबा, गाडीला काही झालेलं नाही. तुमचा हात गेलाय."

गणपतीला गावी गाडी बाबांनीच न्यायची, हा घरातला पंचवीस वर्षांचा रिवाज. दोष सापडला नाही तर यंदा स्टिअरिंग नितेशकडे जाणार होतं. एकाहत्तराव्या वर्षी माणसाच्या हातून एकेक गोष्ट काढून घेतातच. बाकीचं त्यांनी मुकाट सोडलं होतं, पण हे एवढं सोडवत नव्हतं.

गॅरेजवाला अनंत पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. त्याने बॉनेट उघडलंच नाही. मागे गेला, डिकीचा एक कोपरा दाबून सोडला, मग दुसरा. मग टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत बोटं घालून पाहिली. डावीकडे पाच बोटं जात होती, उजवीकडे चारच.

"काका, डाव्या स्प्रिंगमध्ये रबर कोणी घातलं?"

चंद्रप्रकाशांनी कपाळाला हात लावला. गेल्या गणपतीला तांदळाचं पोतं आणि पितळेच्या समया डावीकडे भरल्या होत्या. गाडी त्या अंगाला बसली म्हणून वाटेतल्या एका टायरवाल्याकडून त्यांनी रबर कोंबून घेतलं होतं. परत आल्यावर साफ विसरले.

"तुम्ही चाकरमानी सगळे सारखेच," अनंत म्हणाला. "रबर घालता, आणि काढायचं पुढच्या गणपतीला आठवतं. एक स्प्रिंग कडक, एक नरम. रिकामी गाडी डुलणार नाही तर काय?"

इतकी बोलणी खाऊनही चंद्रप्रकाशांना हायसं वाटलं. दोष गाडीत होता!

रबर निघालं. अनंतने मरोळच्या रस्त्याला एक चक्कर मारली. गाडी सरळ गेली. मग त्याने चंद्रप्रकाशांना चालवायला दिली आणि स्वतः शेजारी बसला. गाडी खरंच डुलत नव्हती. ते खुशीत नितेशच्या नावाने बोटं मोडत होते, तेवढ्यात अनंतचा हात स्टिअरिंगवर पडला. उजवीकडून रिक्षावाला शिव्या घालत गेला. गाडी त्याच्या अंगावर सरकली होती आणि चंद्रप्रकाशांना पत्ताच नव्हता. पुढच्या वळणावर पुन्हा तेच झालं.

त्यांनी गाडी कडेला घेतली.

"अजून ओढते का रे?"

"नाही काका. गाडी सरळ आहे."

"उजव्या स्प्रिंगमध्ये बघ ना एकदा. तिथे काही असेल."

"तिथे काही नाही," अनंत म्हणाला. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

चंद्रप्रकाशांनी इंजिन बंद केलं. खूप थकल्यासारखं वाटत होतं. मग त्यांनी फोन लावला.

"नितेश, दोष सापडला. गाडीतच होता. रबर राहिलं होतं स्प्रिंगमध्ये, काढलं."

"काय सांगता! झकास!" नितेशचा आवाज एकदम मोकळा झाला. "सॉरी बाबा, मी उगाच बोललो. यंदाही तुम्हीच चालवा."

चंद्रप्रकाशांनी सीटबेल्ट सोडला, दार उघडलं आणि अनंतला या बाजूला यायची खूण केली.

"नको रे," ते फोनवर म्हणाले. "यंदा तू चालव."