ओकच्या हाडांचा पब

मित्रांनो, वाकडा म्हणून मला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी इंग्लंडमधल्या एका खेड्यातला चारशे वर्षांचा पब आहे आणि माझा एकही खांब सरळ नाही.

सुतारांनी मला ओल्या ओकच्या लाकडात बांधलं. ओलं लाकूड कापायला सोपं, आणि वाळताना आक्रसून सांधे असे आवळतं की बास! लोखंडी खिळा एक नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. खांबांच्या मधे काटक्यांचा कूड, त्यावर माती, शेण आणि चुना. वाळता वाळता मी वाकलो. ते म्हातारपण नाही हो, माझ्या लहानपणीच झालं ते.

माझ्या शेकोटीपाशी मेंढपाळ शेकले, लग्नं जमली, भांडणं मिटली. जाता-येता लोक खांब थोपटायचे.

मग कुणाला तरी शहाणपण सुचलं. "चिखलाच्या भिंती कसल्या? सिमेंट लावा!" लावलं. अस्सा राग आला मला! पावसाचं पाणी फटीतून आत शिरायचं, पण बाहेर पडायला वाटच नाही. कोपऱ्यातला खांब तळाशी कुजायला लागला.

यंदा दार घासायला लागलं, तशी मालकीण थिर्झाने इमारती तपासणारा साहेब बोलावला.

"इमारत कललीय. पाडावी लागेल," तो म्हणाला.

थिर्झाने वर माडीकडे पाहिलं. माडीवरच्या दोन खोल्या हेच तिचं घर. तिला दुसरीकडे कुठे थारा नव्हता.

रोजचं गिऱ्हाईक, म्हातारा सुतार अँब्रोज, ग्लास ठेवून उठला. "साहेब, तुमचं नाकपण कललंय. पाडायचं का?"

सगळे खिदळले.

"चेष्टा पुरे. खांब कुजलाय!"

"खांब नाही, नुसता पायथा." अँब्रोजने सुरी खुपसली. खाली ती मुठीपर्यंत गेली, हातभर वर टोकही शिरेना. "थिर्झा, पोरी, ते सिमेंट काढून टाक. बाकीचं मी बघतो."

"म्हाताऱ्या, तुझे हात थरथरतात," थिर्झा म्हणाली.

"ग्लास धरताना. पटाशी धरताना नाही."

साहेबाने महिन्याची मुदत दिली. सिमेंट निघालं आणि कित्येक वर्षांनी मला वारा लागला! अँब्रोजने वरची तुळई टेकूवर तोलली, कुजका पायथा कापला, वाळक्या ओकचा तुकडा सांध्यात बसवला. भिंतीला चुन्याचा गिलावा झाला.

साहेब परत आला तो स्वतःची सुरी घेऊनच. त्याने तीनदा खुपसून पाहिली.

"राहू दे उभा," तो पुटपुटला.

थिर्झाने माझ्या खांबाला गाल टेकला.

मित्रांनो, जुन्या घराला मदत करायची घाई झाली, तर आधी ते कशाचं बनलंय ते हात लावून बघा. लाकूड श्वास घेतं. कितीही मायेने कोंडलंत तरी ते कुजणारच. मला मोकळं ठेवा. आणखी चारशे वर्षं उभं राहायची माझी तयारी आहे.