लोणवडी रोडची घंटी

आधीच सांगून ठेवतो, मी तापट माणूस हाय. पस्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली निम्मी पोरांना ‘शुद्ध बोला’ म्हणून ओरडण्यात गेली. आता पेन्शनीत हाय, आता मी माझ्या मायच्या भाषेत बोलणार. ज्याला शुद्ध ऐकायचं त्यानं रेडिओ लावावा.

तर गोष्ट आमच्या घंटीची. लोणवडी रोड हे आमचं टेशन, जालना-परतूर लाईनीवरचं. दिवसाला दोन प्याशिंजर थांबतात, बाकीच्या गाड्या आमच्या तोंडावर धूळ उडवून जातात. टेशनाच्या दारातल्या लिंबाला रुळाचा एक दीड हाताचा तुकडा साखळीनं टांगलेला होता. तीच घंटी. छोटी लाईन होती तवा मागच्या टेशनातून गाडी सुटली की पाईंटमन लोखंडी दांड्यानं तीन टोले द्यायचा. सगळं गाव त्या टोल्यांवर चालायचं. टोले पडले की रानातल्या बाया भाकरी सोडायच्या, आणि माझा गणिताचा तास संपला म्हणून पोरं देवाचे आभार मानायची. मंग मोठी लाईन आली, सिग्नल बिजलीचे झाले, घंटी मुकी झाली. पण लटकत होती बिचारी.

दोन वर्षांमागं हुकूम आला की जुनं टेशन पाडून नवं बांधायचं. लिंब तोडणार, घंटी भंगारात. माझं डोकं फिरलं. आम्ही तिघांनी ‘घंटी बचाव समिती’ काढली. अध्यक्ष मी, सोमेश्वर मास्तर, कारण अर्ज लिहिता येतो. दुसरा रामकिसन, त्या घंटीचा शेवटचा पाईंटमन, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, बोलायला कंजूष. तिसरी पुष्पाबाई. तिनं त्या फलाटावर चाळीस वर्षं पेरू न् उकडलेल्या शेंगा विकल्या, आणि ती एकटी आम्हा दोघांना पुरून उरते. तिघांचे दात एकत्र केले तर एका माणसाचं तोंड भरलं असतं.

एक्केचाळीस अर्ज लिहिले मी. त्यात बराबर लिहायचो की ही निजामाच्या जमान्यातली घंटी हाय, असा नाद आता बनत न्हाई, आणि आपली लोकं रेल्वेचं लोखंड चोरून खातात, त्यांना वारसा कशाशी खातात ते ठाऊक न्हाई. रामकिसन ऐकायचा आणि दर वेळी एकच म्हणायचा, ‘निजामाची’ काहून लिहितो, नुसतं ‘जुनी’ लिही ना. मी त्याला झापायचो. अरे, तूच तिला दर खंडेनवमीला पुजायचास, झेंडूचा हार घालायचास, वरून डांबराचा हात मारायचास, आणि आता तिची किंमत तुलाच न्हाई?

आता माझ्या बापाचं सांगतो, त्याच्याबिगर पुढचं समजणार न्हाई. माझा बाप रामराव, स्वातंत्र्यसैनिक. आमच्या गोठ्यात बैल बांधायचा खुंटा हाय तो रुळाचाच तुकडा. निम्म्याच्या वर जमिनीत गाडलेला, वरच्या टोकाला भोक, भोकातून दावं. मी औरंगाबादला कॉलेजात होतो तवा तो खुंटा आला. सुट्टीला आलो, बापाला विचारलं, कुठला हो दादा? दादा बैलाला वैरण टाकायला गेले. मी मनाशी जुळवलं. बाप निजामाविरुद्ध लढलेला, रूळ निजामाच्या रेल्वेचा, म्हंजे रझाकाराच्या काळात बापानं उखडून लपवलेला, दुसरं काय असणार? मास्तर झाल्यावर पहिल्याच सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाच्या झेंड्याखाली हे भाषण ठोकलं. पहारीनं रूळ कसा उचकटला ते हातवारे करून दाखवलं. दादा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी टोपी खाली ओढली आणि जमिनीकडं बघत राह्यले. मला वाटलं, केवढा विनय! तवापासून पन्नास वर्षं दरसाल तेच भाषण. गावातल्या तीन पिढ्यांना पाठ हाय. रामकिसन दरसाल येऊन टाळ्या वाजवायचा.

असो. बेचाळिसावा अर्ज लिहायच्या आधीच रेल्वेची एक बाई आली, सुमेधा नावाची, जुन्या वस्तूंची पारख करणारी. पोरगी साधी, बोलायला गोड. मी तिला अर्धा तास इतिहास ऐकवला. तिनं सगळा ऐकला, मंग स्टूल मागवलं, पिशवीतून पत्र्याची पट्टी काढली आणि घंटीवरचं डांबर खरवडायला लागली. पन्नास थर असतील. खाली लोखंडात उठावाचे आकडे निघाले. १९६८.

ती म्हणाली, रूळ घडवतानाच त्याच्यावर साल उठवतात, त्यामुळं यात वाद न्हाई. ही घंटी निजामाची न्हाई. टेशन त्याच्या लई आधीचं, म्हंजे मूळची घंटी दुसरीच असणार; ती कुठं असल तर दाखवा, कशी न् कुठून आली ते लिहून द्या, नव्या इमारतीत मानानं ठेवू. न्हाईतर महिनाअखेर ही भंगारात जाईल.

ती गेल्यावर मी रामकिसनकडं वळलो, कारण डांबर त्याचं होतं. तो लिंबाखाली खाली बसला. पुष्पाबाई शेंगा सोलीत होती, तिनं सोलणं थांबवलं.

“मूळची माझ्या ड्युटीवर चोरीला गेल्ती, मास्तर,” तो म्हणाला. “एकोणसत्तरला. रूळ दुरुस्तीच्या ग्यांगच्या मुकादमानं विकली. मला नोकरी लागून चार महिने झाल्ते. सायबाला कळलं असतं तर मलाच घरी बसवलं असतं. लाईनीच्या कडंला नवा रूळ पडला होता. त्याचा तुकडा तोडला न् टांगला.”

पुष्पाबाई म्हणाली, मला तवाच कळलं होतं, आवाज बदलला होता, पण मी म्हणलं घंटीला सर्दी झाली असल. मला हसू आलं न्हाई. मी विचारलं, विकली कोन्हाला? त्या हरामखोराचं नाव सांग, त्याच्या नातवाच्या नरड्यावर बसून वसूल करतो.

रामकिसननं पुष्पाबाईकडं बघितलं, पुष्पाबाईनं शेंगांकडं.

“तुझ्या दादांना,” तो म्हणाला. “हरभऱ्याच्या एका पोत्यावर. त्यांनला खुंटा पाहिजे होता. आठ दिवसांनी मी तुमच्याकडं आल्तो, तर गोठ्यात बैल बांधलेला. साखळीनं घासलेलं भोक मी वळखलं.”

“मंग पन्नास वर्षं काहून बोलला न्हाईस?”

“पहिल्यांदा नोकरीच्या भ्यानं. मंग तू भाषण करायला लागलास. लई जोरात करायचास, मास्तर. कधीकधी मलाबी वाटायचं, उखडलाच असल.”

मी उठलो आणि घरी आलो. चार दिवस कोन्हाशी बोललो न्हाई. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आलं की जाऊ द्या घंटी भंगारात. गोठ्यात कोण बघायला येतंय? खुंटा बाहेर काढला तर लिहून द्यावं लागणार, आणि लिहून दिलं तर बापाचं नाव चोरीच्या मालात जाणार. बाप काय लढला होता ते मला नीट ठाऊक हाय. सरहद्दीवरच्या क्यांपात त्यानं तीन महिने भाकरी पोचवल्या होत्या. तेवढं पुरे होतं खरं. मीच त्याच्या हातात पहार दिली. आणि माझं काय? ‘लोकं रेल्वेचं लोखंड चोरून खातात’ असं एक्केचाळीस वेळा लिहिणारा मी, आणि त्याच लोखंडाला दावं बांधून रोज दूध... न्हाई, बैल हाय, दूध कुठलं. डोकं ठिकाणावर नव्हतं.

पाचव्या दिवशी पुष्पाबाई दारात आली. चहा घेतला न्हाई, बसलीबी न्हाई. म्हणाली, “दोन वर्षं आम्हाला उन्हात उभं केलंस घंटीसाठी. आता तुझ्या गोठ्यातून काढायची वेळ आली तर तुझीच कंबर धरली व्हय?”

मला राग आला. राग आला म्हून पहार घेतली. तिघांनी मिळून खणलं. रामकिसन पहार मारायचा, मी माती ओढायचो, पुष्पाबाई दोघांना शिव्या द्यायची. बैल आमच्याकडं बघत राह्यला. दुपारपर्यंत खुंटा बाहेर आला. घासून धुतला, तर पोटावर विलायती अक्षरं आणि १८९९. कडंला टोले पडून पडून पडलेला खळगा. रामकिसननं त्या खळग्यावर बोटं फिरवली आणि मान हलवली.

दाव्यानं आढ्याला टांगला. रामकिसननं पहारीनं एक टोला दिला. अरे देवा, तो आवाज! मी शाळेत जाणारा पोरगा झालो, हातात दगडी पाटी. रडलो. सत्तरीच्या पुढचा माणूस गोठ्यात उभा राहून रडला, त्यात लाज कसली.

बेचाळिसावा अर्ज लिहिला. सगळं खरं. बापाचं नाव, हरभऱ्याचं पोतं, मुकादम, माझं भाषण, सगळं. रामकिसननं पन्नास वर्षं गाव चालवलेल्या... न्हाई, मोजून तेवीस वर्षं, छोटी लाईन बंद होईपर्यंत, गाव ज्या घंटीवर चाललं ती रामकिसनची होती, हेबी लिहिलं. त्याची नोकरी होऊन गेली, पेन्शन चालू हाय, तरी त्याला विचारलं. तो म्हणाला, लिही, आता मला कोण घरी बसवतंय, मी घरीच हाय.

तीन महिन्यांनी नव्या टेशनाचं उद्घाटन. मांडव, खुर्च्या, गावचा सरपंच, जो माझा विद्यार्थी, गणितात नापास. आमच्या गोठ्यातली घंटी काचेच्या कपाटात ठेवलेली. खाली पितळी पाटी. जवळ जाऊन वाचली. ‘ही ऐतिहासिक घंटा स्वातंत्र्यसैनिक कै. रामराव यांच्या कुटुंबाने पंचावन्न वर्षे प्राणपणाने जपली.’

मी सुमेधाला गाठलं. ती बिचारी लाजली. म्हणाली, सर, तुमचा अर्ज सात पानांचा होता, वरच्या हापिसात त्याचा सारांश काढला. मी म्हणलं, पोरी, हा सारांश न्हाई, हा चमत्कार हाय. रामकिसनचं नाव त्यात कुठंच नव्हतं. तो मागच्या रांगेत बसला होता, धुतलेला सदरा घालून.

माझा सत्कार पुकारला. शाल घेतली न्हाई, माईक घेतला. सांगितलं सगळं. म्हणलं, माझ्या बापानं रूळ उखडला न्हाई, चोरीचा माल घेतला, बैलासाठी. मी पन्नास वर्षं तुम्हाला खोटं शिकवलं. जी घंटी तुमच्या आईबापांनी ऐकली ती त्या माणसानं टांगली होती, आणि ती आज बाहेर तोडलेल्या लिंबाच्या बुंध्यापाशी भंगारात पडलीय. उठ रामकिसन, उभा राह्य.

रामकिसन उठला न्हाई. मला वाटलं, आता चप्पल येती. मंग सरपंचानं माझ्या हातातून माईक घेतला.

“बघा,” तो म्हणाला, “एवढं करूनबी मास्तर मोठेपणा घ्यायला तयार न्हाईत. बाप तसा लेक. याला म्हणतात विनय!”

टाळ्या. मी ओरडलो, अरे विनय न्हाई, खरं सांगून राह्यलो! तशा अजून टाळ्या. आणि तो गणितात नापास झालेला गाढव पुढं माझ्या बापाची गोष्ट सांगायला लागला. रात्र, रझाकार, पहार, सगळं. शब्द माझे, हातवारे माझे, ‘आणि मंग मित्रांनो’ म्हणून जिथं मी थांबायचो तिथंच तो थांबला. समोरच्या बायांच्या डोळ्यात पाणी आलं. मी दादांनी बसावं तसा बसलो, टोपी खाली ओढून, जमिनीकडं बघत.

कार्यक्रम संपल्यावर रामकिसन जवळ आला. म्हणाला, “लई चांगलं शिकवलंस तू, मास्तर. गणित तेवढं राह्यलं.”

अडुसष्टचा तुकडा आम्ही तिघांनी रिक्षात घालून घरी आणला. भंगारवाला देतच होता, त्याला त्याची काय किंमत. खुंटा काढल्यापासून माझा बैल दाराच्या खांबाला बांधलेला होता, तवा रामकिसननं तुकडा सरळ गोठ्यात नेला, जुन्या खड्ड्यात उभा केला आणि पहार मागितली. म्हणाला, जागा तयार हाय, बराबर बसतो.

मी म्हणलं, थांब. दावं घेतलं, आढ्यावरून टाकलं आणि तुकडा टांगला. पाचच्या प्याशिंजरची वेळ झाल्ती. पुष्पाबाईनं रामकिसनच्या हातात पहार दिली. त्यानं तीन टोले दिले, सावकाश, मधे बराबर तेवढंच अंतर ठेवून.

आतून माझी सून वंदना पदर खोचत बाहेर आली. म्हणाली, बाबा, ही आता कोन्ती, निजामाची का?

“न्हाई,” मी म्हणलं. “ही रामकिसनची.”

तिनं बरं म्हणलं आणि तिघांचा चहा टाकायला आत गेली.