टोपल्याखालची पिल्लं

शिरपूरच्या राजमतीबाईंची परसबाग एक नमुनाच होती. वाल, दोडके, टमाटे, पालक, मागच्या बाजूला कोहळ्याचा वेल, सगळं होतं. नव्हते ते कांदा, मुळा आणि बटाटा. जमिनीतून उपटताना जीव जातात ते पेरायचं नाही, ही जैनाघरची रीत. दोडक्यावर अळ्या पडल्या तर औषधाचं नावच नको. बाई चष्मा लावून एकेक अळी डब्यात वेचायच्या आणि नाल्याकाठच्या झुडपात सोडून यायच्या. नवरा जाऊन वर्षं झाली होती, लेक मालेगावात दुकान सांभाळत होता. बाईंना वेळच वेळ होता आणि अळ्यांनाही. चार दिवसांत त्या परत हजर!

"पाहुण्या हायेत तुमच्या, काकू," भिंतीपलीकडून शेजारची बिस्मिल्ला हसायची. "माह्या कोंबड्या सोडू काय? सांजेलोक वेल साफ करतीन."

"नको वं माय! तुह्या कोंबड्या तुह्याच आवारात ठेव."

पण कोंबडीला कोणी हद्द शिकवावी? बिस्मिल्लाची लाल कोंबडी, लाली तिचं नाव, खुडूक झाली आणि एक दिवस गायबच झाली. राजमतीबाईंना ती सापडली कोहळ्याच्या वेलामागे, तुराट्यांच्या ढिगात. अंगाखाली अंडी घेऊन बसली होती आणि बाईंकडे डोळे वटारून बघत होती.

बाई हाक मारायला भिंतीशी गेल्यासुद्धा. तेवढ्यात त्यांना बिस्मिल्लाचंच बोलणं आठवलं. "या खेपेले लालीची पिल्लं मोठी करतो, काकू. जिकरा बाळंतपणाले येईन ना माह्याकडं. बाळंतिणीले कोंबडीचा शोरवा पाह्यजे." बाई तशाच मागे फिरल्या. पोरीचं बाळंतपण नीट व्हावं हे बाईंनाही वाटत होतं. बिस्मिल्लाची ही लेक त्यांच्याच ओट्यावर खेळून मोठी झालेली. पण आपल्या वेलाखाली जन्मलेला जीव आपणच उचलून सुरीकडे द्यायचा?

"काकू, लाली दिसली काय वो कोठी?" बिस्मिल्लानंच विचारलं.

राजमतीबाईंच्या तोंडाला खोटं चालत नव्हतं. पण खरं बोलूनही फसवता येतं हे त्या दिवशी त्यांना कळलं. "ते भुरी मांजर फिरून राह्यली होती बाई सकाळी," त्या म्हणाल्या. मांजर रोजच फिरायची. रोज सकाळी ती त्यांच्याच ओट्यावर दूध प्यायला येत होती.

"तरीच!" बिस्मिल्ला म्हणाली. "येऊ दे मेलीले."

पिल्लं निघाली आणि राजमतीबाई हरखून गेल्या. नातवंडं दूर असलेल्या बाईच्या ओंजळीत असं ऊबदार काही कधीपासून आलं नव्हतं. पण लालीचे आपले कोंबडीचे संस्कार. तिनं वाफ्यातली माती उकरली, एक गांडूळ ओढून काढलं आणि पिल्लं त्याच्यावर तुटून पडली.

"हाऽश! हाऽश!" बाई धावल्या. गांडूळ वाचलं नाही. माझ्या अंगणात, माझ्या डोळ्यांदेखत! बाईंनी मोठं टोपलं आणलं आणि मायलेकरांना सावलीत झाकून टाकलं. आत ज्वारीची कणी, भिजवलेले मूग, शिजवलेला भात, गाळलेलं पाणी. सगळं दिवस मावळायच्या आत. चिवचिव पलीकडे जाऊ नये म्हणून मोबाइलवर स्तवनं मोठ्यानं लावली. "आज लय भक्ती चालू हाये काकूची," पलीकडून आवाज आला. चोराच्या मनात चांदणं. बाईंनी आवाज आणखी वाढवला.

पिल्लांनी काही दिवस खाल्लं, मग ती मलूल झाली. पंख लोंबायला लागले. एकाचे पाय तर घडीच्या खुर्चीसारखे दुमडायचे. बाईंनी मूग वाढवले, हळद लावली, देवापुढे हात जोडले. एका सकाळी टोपलं उचललं तर एक पिल्लू आडवं पडलं होतं. लाली त्याला चोचीनं ढोसत होती, ऊठ म्हणत होती.

मुंगी चुकवून पाय टाकणाऱ्या बाईच्या हातून जीव गेला. तोही दयामाया करून! राजमतीबाई तिथंच मातीत बसून रडल्या. मग डोळे पुसले, लालीला काखेत धरलं, पिल्लं टोपल्यात घेतली आणि बिस्मिल्लाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

सगळं सांगून झालं. बिस्मिल्लाच्या हातातलं पीठ हातातच वाळलं.

"तोबा! कोंबडीले जैन करून राह्यल्या तुमी, काकू? तिले किडा पाह्यजे, ऊन पाह्यजे. वरणभातावर कोंबडी जगते काय?"

"चुकलं वं माहं."

"चुकलं त चुकलं. मले काहून नाई सांगतलं?" आता तिचा आवाज चढला. "मी काय तुमच्या दारातून हिसकून नेली असती? अन् मी त्या मांजरीले दगड मारला ना! तीन पायावर चालून राह्यली ते. तुमच्या बोलण्यावर मारला."

दोन दिवस मांजर दुधाला का आली नव्हती, ते राजमतीबाईंना आत्ता कळलं. त्यांनी क्षमेसाठी हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम."

"मले काय म्हणता? मांजरीले म्हणा," बिस्मिल्ला फणकारली आणि टोपलं घेऊन उकिरड्याकडे गेली. तिनं शेणाचा वाळला पोपडा उलटवला. खाली वाळवी वळवळत होती. पिल्लं धडपडत धावली. बाईंनी मान फिरवली नाही. सगळं बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या चुलीवर काही चढलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बिस्मिल्लाचा राग तोवर निम्मा उतरला होता. ती भिंतीशी आली.

"हे कायचे उपास, काकू?"

"काल पिल्लाचा केला. आज मांजरीचा."

"अन् उद्या?"

"उद्या तुह्याशी खोटं वागलो त्याचा."

"मंग जेवता कवा? मराचं हाये काय?" बिस्मिल्ला ओरडली.  मग आवाज उतरवून म्हणाली, "पिल्लं उठली. तुमी एक काम करा. यातलं एक निवडा. त्याले मी सुरी लावणार नाई. जिकराची आण."

राजमतीबाई भिंतीवरून बघत राहिल्या. पिल्लं लालीमागे पळत होती, एकमेकांना ढकलत होती. त्यांनी बोट उचललं आणि पुन्हा खाली घेतलं.

"नाई होत वं, बिस्मिल्ला. एकाले निवडलं म्हंजे बाकीच्यायले मीच तुह्या हाती देल्लं. त्यायचे उपास मी किती करू?"

 बिस्मिल्ला वाकली आणि मागे राहिलेलं, दुमडत्या पायाचं पिल्लू उचलून तिनं भिंतीवरून बाईंच्या ओंजळीत ठेवलं.

"घ्या. हे मी निवडलं. पाप माह्याकडं. अन् आता जेवा."

पिल्लू हातात थरथरत होतं. त्याला उकरता येत नव्हतं, उकिरड्यापर्यंत पळता येत नव्हतं. मूग देऊन ते जगणार नव्हतं, हे आता बाईंनाही ठाऊक होतं.

त्या वेलाशी गेल्या. अळ्या वेचायचा डबा दोडक्याच्या बुंध्याशीच पडला होता. तो त्यांनी पायानं बाजूला सारला. पिल्लाला खाली ठेवलं, चष्मा लावला आणि दोडक्याचं एक पान उलटं करून त्याच्या चोचीपुढे धरलं.