जांभळा झगा

मी एक जुना झगा आहे, मित्रांनो. व्हेरोनाच्या दगडी आखाड्याच्या कपडेकोठीत, तळाच्या पेटीत माझा मुक्काम असतो. वर दर उन्हाळ्यात ऑपेरा रंगतो. शंभराहून अधिक वर्षे लोक उन्हाने तापलेल्या पायऱ्यांवर बसून, हातात मेणबत्त्या पेटवून गाणे ऐकत आले आहेत. पूर्वी तो आवाज आला की माझी शिवण न् शिवण थरारायची. आता काही होत नाही.

मी जन्मलो तेव्हा लालभडक होतो. झेलिंदा शिंपिणीने मला शिवले ते आपल्या नवऱ्यासाठी. ओत्तोरिनो बावीस उन्हाळे समूहगायकांच्या तिसऱ्या रांगेत उभा राहून गात होता. त्या वर्षी त्याला दूताचे काम मिळाले. एकट्याने गायची एकच ओळ! ती तो दाढी करतानाही गायचा.

पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी तालमीत पाऊस आला आणि मी चिखलाने माखलो. घाईघाईत झेलिंदाने मला शिपायांच्या निळ्या कपड्यांबरोबर उकळत्या पाण्यात घातले. बाहेर आलो तो जांभळा.

आमच्याकडे रंगमंचावर जांभळा म्हणजे अपशकुनच. कोठीप्रमुख फाब्रिस कडाडले, "बाई, खेळ बुडवायचाय का आमचा? हलवा ते ध्यान!" अपशकुन टळावा म्हणून सगळे भराभर लोखंडाला हात लावू लागले, कोणी किल्लीला, कोणी इस्त्रीला.

"अरे, घाल ना," झेलिंदा नवऱ्याला म्हणाली. "श्वास भरलास की गळा फुगतो तुझा. त्याच मापानं शिवलाय."

"वेडी आहेस का? आजच्या दिवशी जांभळा?"

माझा जीव तुटला. तो दुसऱ्याचा झगा चढवून गेला. गळ्याशी घट्ट! अर्ध्या ओळीत आवाज चिरकला. "कोठीतल्या त्या जांभळ्यानं घात केला," सगळे म्हणाले. पुढच्या प्रयोगाला दूत दुसराच होता.

त्यानंतर एका दुपारी ओत्तोरिनो एकटाच कोठीत आला. मला अंगावर घेऊन त्याने ती ओळ गायली. शेवटच्या सुरापर्यंत, अख्खी. झेलिंदा दारात उभी होती.

"फाब्रिसना सांगू?"

"नको गं. जांभळा घालून गायलो म्हणून हसतील."

त्याने घडी करून मला पेटीत ठेवले. तो तिसऱ्या रांगेत परतला खरा, पण नुसते ओठ हलवायचा. झेलिंदा हे पेटीपाशी बसून सुईदोऱ्याशी पुटपुटायची. ऐकूनही मला काही वाटले नाही. मी बधिर झालो होतो.

मित्रांनो, कपडा मळला तर धुवा, उसवला तर शिवा. पण माणसाला त्याच्या मापाचे घालायची लाज वाटू देऊ नका.