बाराव्या अंगठीला पाणी देताना

जगाच्या आरंभी घोर अंधार होता, त्या अंधारात अकरा अंगठ्या प्रकटल्या आणि त्यांच्या तेजाने राज्यं उभी राहिली, पडली आणि पुन्हा उभी राहिली, असं दरबारच्या पोथीत पहिल्याच पानावर सोनेरी शाईने लिहिलेलं आहे. अंगठीकाराच्या बायकोचं म्हणणं असं की, त्यांतल्या निदान चार अंगठ्या भट्टीघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं दार उघडं राहिल्यामुळे झाल्या.

अंगठीकाराला हे बोलणं मुळीच आवडत नसे. पण खोटं आहे, असंही त्याला म्हणता येत नसे. अकराच्या अकरा अंगठ्या त्याच्याच वाडवडिलांनी, याच भट्टीवर घडवल्या होत्या आणि ते दार आजही नीट लागत नव्हतं.

तसं बघितलं तर जादूची अंगठी घडवणं ही काही फार गहन विद्या नाही. सोनं ठोकायचं, वळवायचं, जोडायचं, लालबुंद तापवायचं आणि चिमट्यात धरून कुंडीतल्या पाण्यात बुडवायचं. याला पाणी देणं म्हणतात. खरी गोम पुढेच आहे. अंगठी पाण्याला टेकून 'चर्र' वाजते, त्याच्या आधी त्या खोलीत जे शेवटचं वाक्य बोललं गेलं असेल, ते अंगठीत उतरतं. तीच तिची शक्ती. कुणी काहीच बोललं नसेल, तर ती नुसती अंगठी होते आणि लोक ती लग्नात एकमेकांना देतात.

आता माणूस कितीही थोर असला तरी हातात तापलेलं सोनं असताना थोर बोलेलच असं नाही. अंगठीकाराच्या पणजोबांच्या विजारीवर नेमकी पाणी देतानाच ठिणगी पडली आणि मागच्या बाजूला वाटीएवढं भोक पडलं. "इकडे कुणी बघू नका रे!" असं ते ओरडले आणि 'चर्र' झालं. पोथीत या अंगठीला अदृश्यमुद्रा म्हटलं आहे. ती घालून राजा दिसेनासा होतो हे काही खरं नाही. त्याच्याकडे कुणी बघत नाही, इतकंच. पहिल्या राजाने ती मोठ्या हौसेने दरबारात घातली आणि तीन तास भाषण करून रडवेला होऊन परतला.

रणशमनी नावाची दुसरी एक अंगठी आहे. तिने दोन युद्धं थांबवली. तिच्यात अंगठीकाराच्या आजीचं "चला, जेवायला या, निवून चाललंय" हे वाक्य आहे.

सर्वांत वाईट गत सरन्यायाधीशांच्या अंगठीची झाली. ती मुळात वीज पाडणारी होती. पण न्यायाधीश अंगाने सुटले, बोटही सुटलं, आणि अंगठी सैल करायला परत आली. सैल करायची म्हणजे पुन्हा तापवायची, ताणायची आणि पुन्हा पाणी द्यायचं. जुनं वाक्य जातं, नवं येतं. त्या वेळी दारातून आजी आजोबांना म्हणाली, "खरं सांगा, सकाळी काय खाल्लंत?" तेव्हापासून त्या न्यायालयात आरोपी गुन्हा कबूल करत नाही, पण सकाळी काय खाल्लं ते घडाघडा सांगतो. त्या दिवसापासून घराण्याने शपथ घेतली, की घडवलेली अंगठी पुन्हा भट्टीत घालायची नाही.

तर अशी ही परंपरा. आणि तिच्यात अंगठीकाराचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. पणजोबा पोथीत होते, आजोबा होते, वडीलही अकराव्या अंगठीच्या निमित्ताने जाऊन बसले होते. तो मात्र छप्पन्न वर्षांचा झाला तरी लग्नाच्याच अंगठ्या करत होता. पोथीचं शेवटचं एकच पान कोरं उरलं होतं. ते भरून पोथी कायमची बंद करायची, असं राणीसाहेबांनी ठरवलं आणि बाराव्या अंगठीचं काम त्याच्याकडे आलं. हे पान हुकलं, तर पुढच्या जगाला तो होऊन गेल्याचाही पत्ता लागणार नव्हता.

वाक्य त्याच्याकडे तयार होतं. अकरा वर्षं तो ते घासूनपुसून ठेवत होता. जेवायला बसल्यावर त्याने ते बायकोला म्हणून दाखवलं.

"ही मुद्रा धारण करणाऱ्या विभूतीसमोर त्रैलोक्य आपला अहंकार विसरून चिरकाल नतमस्तक होवो!"

बायकोने घास गिळला. "हे म्हणेपर्यंत अंगठी गार होईल."

"नाही होत. मी मोजलंय."

"अहो, साधं काहीतरी म्हणा ना. 'सगळे सुखात राहोत' म्हणा."

"असलं पोथीत कोण घेतं?"

"बरं. बोटाचं माप घेतलंत का तिचं?"

"राणीसाहेबांचं बोट धरायचं मी? राज्याभिषेकाच्या वेळचा हातमोजा मागवलाय राजवाड्यातून. त्यावरून घेतलं."

"राज्याभिषेकाला बारा वर्षं झाली!"

"राण्यांची बोटं वाढत नसतात," अंगठीकार म्हणाला.

बायकोने स्वतःच्या बोटात रुतून बसलेल्या लग्नाच्या अंगठीकडे बघितलं आणि ताट उचललं. "आणि भट्टीघरातली ती तिपाई दुरुस्त करा. चार वर्षं सांगतेय, पाय डुगडुगतोय तिचा."

"तू त्या दिवशी तुझ्या बहिणीकडे जा," अंगठीकार म्हणाला. "इथे चिटपाखरूसुद्धा बोलायला नको."

"जाते की. मी नसले की तुमचं सगळं अगदी व्यवस्थित होतं."

ठरल्या दिवशी सकाळीच ती गेली. अंगठीकाराने मधलं दार ओढून घेतलं, फटीत चिंध्या कोंबल्या, खिडक्या लावल्या आणि पोथीकाराची वाट बघत बसला. हा पोथीकारही पिढीजात होता. अंगठीला पाणी देताना हजर राहायचं, वाक्य आपल्या कानांनी ऐकायचं आणि मग ते पोथीत चढवायचं, हा त्याच्या घराण्याचा मान. तो बगलेत दौत आणि वही घेऊन आला. उंचनिंच माणूस. आत शिरताना चौकटीला डोकं आपटून "आई गं" म्हणाला.

"हे आत्ताच म्हणून घ्या," अंगठीकार म्हणाला. "अंगठी भट्टीतून बाहेर आली की तुमच्या तोंडून हूं की चूं निघता कामा नये. शिंक आली तरी गिळा."

"आमच्या घराण्यात पाणी देताना आजवर कुणी बोललेलं नाही," पोथीकार ताठ मानेने म्हणाला. "बोलतात ते तुमच्याकडचे. बसू कुठे?"

"बसा की कुठेही," अंगठीकार म्हणाला. त्याचं सगळं लक्ष भात्याकडे होतं.

अंगठी पिवळी होती, तांबडी झाली, मग उगवत्या सूर्यासारखी झाली. अंगठीकाराने ती चिमट्यात धरून बाहेर काढली, कुंडीवर आणली, छाती भरून घेतली आणि खणखणीत आवाजात वाक्य म्हटलं. एक अक्षर चुकलं नाही. 'नतमस्तक होवो'वर आवाज असा चढला की भिंतीवरच्या हातोड्या थरथरल्या. आता फक्त हात खाली न्यायचा होता. वीतभर अंतर.

पण अशा वेळी माणूस एकदा तरी प्रेक्षकाकडे बघतोच.

पोथीकार तिपाईवर बसला होता. तिपाईचा एक पाय हळूहळू बाहेर सरकत होता, पोथीकार हळूहळू डावीकडे कलत होता आणि त्याचं तोंड हळूहळू उघडत होतं. हा आता ओरडणार! अकरा वर्षांच्या वाक्यावर याची बोंब चढणार! त्याच्याआधी अंगठीकारच ओरडला, "अहो, तोंड मिटा आणि उठा आधी तिथून!"

चर्र.

पोथीकाराने तोंड मिटलं आणि तो उठला. नंतर तिपाई पडली.

"मी बोललो नाही," पोथीकार म्हणाला.

"नाही बोललात," अंगठीकार म्हणाला आणि जमिनीवरच बसला.

"शेवटचं वाक्य कोणतं धरायचं मग? मी दोन ऐकली."

"पहिलं धरा हो! पाया पडतो तुमच्या. दुसरं काय वाक्य आहे? ते तर मी तुम्हाला म्हटलं!"

"घालून बघा म्हणजे कळेल."

अंगठी त्याच्या करंगळीतच जेमतेम गेली. त्याने हात वर केला. पोथीकार कट्ट्यावर टेकून "माझ्या मते—" म्हणत होता, तो तोंड मिटून ताडकन उभा राहिला. नतमस्तक वगैरे काही झाला नाही. उलट नेहमीपेक्षा दोन बोटं उंचच दिसत होता.

तेवढ्यात मधलं दार चिंध्यांसकट उघडलं. बायको परत आली होती. "झालं का तुमचं? अगंबाई, तिपाई मोडली ना! मी चार—" इथे तिचं तोंड मिटलं. ती दारातच सरळ उभी राहिली.

लग्नाला तीस वर्षं झाली होती. इतकी शांतता अंगठीकाराने त्या घरात कधी अनुभवली नव्हती. पहिले पाच आकडे मोजेपर्यंत त्याला बरं वाटलं. सातव्याला भीती वाटू लागली. दहाव्याला त्याने घाईघाईने हात खाली घेतला.

"—वर्षं सांगतेय," बायको म्हणाली. वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच तिने ते उचललं. मग तिने कुंडीकडे, पोथीकाराकडे आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. ती हसली नाही. आत जाऊन दोन पेले पाणी घेऊन आली.

"आता पोथीत काय लिहिणार तुम्ही?" तिने विचारलं.

"जे झालं ते," पोथीकार म्हणाला. "आमच्या घराण्यात कुणी खोटं लिहिलेलं नाही. आम्ही फक्त सोनेरी शाईने लिहितो." त्याने पाण्याचा घोट घेतला, छताकडे बघितलं आणि वहीत टिपलं: 'मौनोत्थापिनी मुद्रा. हिच्या दर्शनाने वाचा थांबते आणि कुणी आसनावर बसू धजत नाही.' "पण राणीसाहेबांना पसंत पडली तरच पानावर चढेल. नाहीतर पान कोरं ठेवून पोथी बंद."

आठ दिवसांनी दरबार भरला. अंगठीकार आणि त्याची बायको एका खांबाजवळ बसले होते. समोर अठरा मंत्री होते आणि अठराही जण एकाच वेळी बोलत होते. शेजारचा राजा युद्ध टाळण्याच्या अटी घेऊन आला होता. तो खुर्चीत पसरून म्हणाला, "आमची पहिली अट—"

राणीसाहेबांनी अंगठी दाबून दाबून बोटात चढवली आणि हात वर केला.

अठरा तोंडं मिटली. अठरा मंत्री उठले, त्यांत दोन तर झोपेतून उठले. शेजारचा राजा ओठ घट्ट मिटून उभा राहिला. भालदार-चोपदार आधीच उभे होते, ते आणखी उभे राहिले. राणीसाहेबांनी तहाचा कागद वाचून दाखवला. कुणाची हरकत आली नाही. शेजारच्या राजाला बसताही येईना आणि बोलताही येईना, तेव्हा त्याने सही करून टाकली.

राणीसाहेबांनी पोथीकाराला मान हलवून खूण केली. त्याने उभ्यानेच शेवटचं पान उघडलं आणि सोनेरी शाईत लेखणी बुडवली. खांबाजवळ उभ्या अंगठीकाराला एवढ्या लांबूनही आपलं नाव चमकताना दिसलं. त्याचे डोळे भरून आले. ओरडावंसं वाटत होतं, पण तोंड मिटलेलं होतं. त्याने बायकोकडे बघितलं. तिचे डोळे मात्र राणीसाहेबांच्या बोटावर खिळले होते. ते बोट आता चांगलंच जांभळं पडलं होतं. बायकोने सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत तिने इतकं काही न बोलता बोलून दाखवलं नव्हतं.

पोथीकाराने शेवटच्या अक्षरावर वाळू टाकली. राणीसाहेब सिंहासनावरून उतरल्या आणि हात तसाच वर धरून, प्रसन्न चेहऱ्याने खांबापर्यंत चालत आल्या. अंगठीकाराने जिवाच्या आकांताने नकारार्थी मान हलवायला सुरुवात केली. तो विनय आहे, असं समजून त्या हसल्या.

"अंगठीकार," त्या म्हणाल्या, "बाकी सगळं उत्तम आहे. बोटाला तेवढी घट्ट होते. जरा सैल करून द्या."